पाण्यात गोटा हलका होतो, तेव्हा त्याचे वजन जाते कुठे?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी वाळवा तालुक्यातील नदीकाठच्या एका गावात आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात आठवीला प्लावक बल, म्हणजे द्रव बुडालेल्या वस्तूला वर ढकलतो ते बल, शिकवताना एका मुलीने प्रश्न विचारला. त्याचे मी दिलेले उत्तर माझे मलाच पटलेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

प्रयोग नेहमीचाच होता. कृष्णेच्या पात्रातून आणलेला मुठीएवढा काळा गोटा सुतळीने बांधून ताणकाट्याला, म्हणजे स्प्रिंगच्या काट्याला, अडकवला, तेव्हा काटा ५८० ग्रॅमवर थांबला. मग तोच गोटा पाण्याने भरलेल्या पातेल्यात, तळाला टेकणार नाही अशा बेताने सोडला, तेव्हा काटा ३८० ग्रॅमवर आला. गोटा पाण्यात शिरत असताना आकडा हळूहळू उतरतो, पण गोटा एकदा पूर्ण बुडाला की तो आणखी चार बोटे खाली नेला तरी आकड्यात फरक पडत नाही, हेही मुलांनी पाहिले. मी फळ्यावर 'आभासी वजनातील घट २०० ग्रॅम' असे लिहिले. त्यावर पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, दोनशे ग्रॅम गेले म्हणता, पण गेले कुठे? गोटा तर तेवढाच आहे."

ही घट खरी नसून आभासी आहे, असे मी सांगितले. तिने लगेच विचारले, "मग काटा खोटा दाखवतो का?" काटा खोटा दाखवत नव्हता. शिवाय 'आभासी' या शब्दाने मी प्रश्न झाकला, सोडवला नाही, हे मला त्याच क्षणी जाणवले.

मला वाटते की गोंधळाचे मूळ 'वजन' या शब्दात आहे. बाजारात आपण दोन किलो वजनाचा भोपळा घेतो, पुस्तकात वजन न्यूटनमध्ये मोजायला सांगतो, आणि प्रयोगात काट्यावर दिसणाऱ्या आकड्यालाही वजनच म्हणतो. एकाच शब्दाने तीन गोष्टी सांगितल्या तर आठवीच्या मुलांनी काय समजावे? जाणकारांनी दोन गोष्टींबाबत मार्गदर्शन करावे, ही विनंती. ते २०० ग्रॅम कुठे गेले, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल असे कसे दाखवता येईल? आणि वस्तुमान, वजन व काट्यावरचा आकडा यांतील फरक कोणत्या क्रमाने शिकवावा?

अजिंक्यतारा

मॅडम, मी साताऱ्यात महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. आपल्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न या धड्यातला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे, आणि तो विचारला गेला याचा मला मनापासून आनंद झाला. वजन कुठेही जात नाही. पृथ्वी त्या गोट्याला हवेत जेवढ्या बलाने ओढते, तेवढ्याच बलाने पाण्यातही ओढते. ५८० ग्रॅम वस्तुमानाच्या गोट्यावर हे बल सुमारे ५.७ न्यूटन भरेल, आणि गोटा पाण्यात सोडल्याने त्यात काहीही बदल होत नाही.

बदलते ते एवढेच, की गोट्याला धरून ठेवणारे आता दोघे असतात. हवेत तो सारा भार एकटा ताणकाटा पेलत होता. पाण्यात सुमारे ३.७ न्यूटन काटा पेलतो आणि उरलेले २ न्यूटन पाणी पेलते. हळदीचे पोते आपण एकट्याने उचलले होते आणि दुसऱ्या माणसाने पलीकडची दोन टोके धरली, तर आपल्या हाताला पोते हलके लागते, पण म्हणून पोत्यातली हळद कमी झाली असे आपण म्हणत नाही. ताणकाटा गुरुत्वाकर्षण मोजत नाही. त्याच्या हुकाला खाली किती ओढ बसते, तेवढेच तो मोजतो. म्हणून मुलीला सांगावे, की काटा अगदी खरे सांगतो, पण तो फक्त स्वतःच्या वाट्याचे सांगतो.

आता पाणी कसे पेलते, हे पाहू. द्रवाचा दाब खोलीबरोबर वाढतो, हे मुलांनी आधीच शिकलेले असते. ते येथे उपयोगात आणावे. प्रत्येक बाजू १० सेंटिमीटर असलेला एक घन पाण्यात बुडवला आहे आणि त्याचा वरचा पृष्ठभाग पाण्याखाली २० सेंटिमीटरवर आहे असे समजा. मग खालचा पृष्ठभाग ३० सेंटिमीटरवर असेल. बाजूंचे दाब समोरासमोर असल्याने एकमेकांना निष्प्रभ करतात, पण खालून वर ढकलणारा दाब वरून खाली ढकलणाऱ्या दाबापेक्षा १० सेंटिमीटर पाण्याइतका, म्हणजे ९८० पास्कलने, अधिक असतो. पृष्ठभागाचे क्षेत्रफळ ०.०१ चौरस मीटर आहे, म्हणून वर ढकलणारे निव्वळ बल ९.८ न्यूटन होते. त्या घनाने बाजूला सारलेले पाणी एक लिटर, म्हणजे एक किलोग्रॅम, आणि त्याचे वजनही ९.८ न्यूटनच! घन आणखी खाली नेला तर वरचा आणि खालचा असे दोन्ही दाब सारखेच वाढतात आणि त्यांतला फरक तोच राहतो. पूर्ण बुडाल्यानंतर आपला आकडा जागेवर का थांबला, याचे कारण हेच आहे.

गोट्याला असा नीट आकार नसतो, तरीही नियम का लागू पडतो, असे एखादा हुशार मुलगा विचारील. त्याला सांगावे, की गोटा जेथे आहे तेथे आधी पाणीच होते, त्याच वेड्यावाकड्या आकाराचे. ते पाणी खालीही जात नव्हते आणि वरही येत नव्हते. म्हणजे भोवतीचे पाणी त्याचे सगळे वजन पेलत होते. त्या जागी आता गोटा आला, पण भोवतीच्या पाण्याला आत काय आहे याची खबर नाही. ते पूर्वीइतकेच बल लावत राहते. म्हणून गोट्याला मिळणारा आधार हा त्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाएवढाच असतो. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या आर्किमिडीजने सांगितलेले तत्त्व ते हेच. मला हा युक्तिवाद सूत्रापेक्षा अधिक आवडतो, कारण त्यात पाठ करण्यासारखे काही नाही.

राहिला डोळ्यांनी दाखवण्याचा प्रश्न. स्वयंपाकघरात वापरतात तो सपाट इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. त्यावर पाण्याचे पातेले ठेवा आणि आकडा शून्य करा. मग ताणकाट्याला अडकवलेला गोटा तळाला न टेकवता पाण्यात सोडा. पाण्याने गोट्याला वर ढकलले, तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे गोट्याने पाण्याला तितकेच खाली ढकलले पाहिजे, आणि ते बल पातेल्यातून खालच्या काट्यावर उतरले पाहिजे. वरच्या काट्यावर जेवढे कमी होईल, तेवढेच खालच्या काट्यावर वाढलेले दिसेल. 'दोनशे ग्रॅम गेले कुठे?' याचे उत्तर मुलांना खालच्या काट्यावर वाचता येईल.

काटेदुरुस्ती

मी सांगलीत वजनकाटे दुरुस्त करतो. बावीस वर्षांपासून मार्केट यार्डातल्या हळदीच्या आणि बेदाण्याच्या अडतींत जात आलो आहे. सरांनी सुचवलेला प्रयोग आमच्या कामात रोजचा आहे, फक्त आम्ही त्याकडे प्रयोग म्हणून पाहत नाही. काट्यावर पाण्याची बादली ठेवून तिच्यात नुसता हात बुडवला, तळाला बोटही लावले नाही, तरी आकडा वाढतो. बादलीत कोणी काही टाकले नाही आणि वजन वाढले, म्हणून काटा बिघडला, अशी तक्रार घेऊन एक दुकानदार माझ्याकडे आले होते, तेव्हा मला हे पहिल्यांदा कळले.

मॅडमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझ्या धंद्यातून सांगतो. जुना दांडीचा तराजू आणि ताणकाटा ही दोन वेगळ्या जातीची साधने आहेत. तराजूत एका पारड्यात माल आणि दुसऱ्यात वजने असतात. पृथ्वी दोन्ही पारड्यांना ओढते, म्हणून ओढ कमी झाली तर दोन्हीकडे सारखीच कमी होते आणि दांडी सरळच राहते. तराजू तुलना करतो, म्हणून तो वस्तुमान सांगतो. तोच तराजू चंद्रावर नेला तरी एक किलोच्या वजनासमोर एक किलोच हळद बसेल. ताणकाट्यात मात्र स्प्रिंग ताणली जाते, आणि ती किती ताणली जाईल हे ओढीवर अवलंबून असते. चंद्रावर ओढ सुमारे सहाव्या हिश्शाची असल्याने तेथे एक किलोचा माल ताणकाट्यावर १६५ ग्रॅमच्या आसपास दिसेल.

आजचे इलेक्ट्रॉनिक काटेही याच दुसऱ्या जातीचे आहेत. त्यांच्या पोटात लोडसेल असतो. तो दाबला किंवा वाकला गेला की विजेच्या संकेतात फरक पडतो, म्हणजे तो बलच मोजतो, पण आकडा किलोत दाखवतो. हे कसे जमते? आम्ही काटा जागेवर बसवतो, प्रमाणित वजने ठेवतो आणि 'एवढ्या बलाला एवढे किलो म्हण' असे त्याला शिकवून ठेवतो. दर वर्षी पडताळणी करून त्यावर शिक्का घ्यावा लागतो तो त्याचसाठी. गुरुत्व त्वरण, म्हणजे पृथ्वीच्या ओढीचे माप, विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. विषुववृत्तावर जुळवलेला काटा तसाच ध्रुवावर नेला, तर ५० किलोच्या पोत्याला तो खऱ्यापेक्षा अडीचशे ग्रॅमहून थोडे जास्त दाखवील. पोते तेच, हळद तीच, आणि तरीही आकडा वेगळा! मुलांना वस्तुमान आणि वजन यांतला फरक सांगताना हे पोते डोळ्यांसमोर ठेवावे असे मला वाटते. व्यवहारात आपण ज्याला वजन म्हणतो ते बहुतेक वेळा वस्तुमान असते, हे मुलांना मोकळेपणाने सांगितले तर त्यांचा गोंधळ कमी होईल.

पालक_कराड

माझा मुलगा नववीत आहे, त्यामुळे मी हा धागा आवडीने वाचत आहे. मला शाळेत असे शिकवल्याचे आठवते, की पाण्यात गुरुत्वाकर्षण कमी असते म्हणून आपण तरंगतो, आणि अवकाशात ते नसतेच म्हणून अंतराळवीर तरंगतात. अंतराळवीरांना सराव पाण्याच्या टाकीत देतात, तोही याच कारणाने ना? शिवाय महाबळेश्वरला गेल्यावर आपले वजन कमी भरते, असेही ऐकले आहे. त्यात तथ्य आहे का?

अजिंक्यतारा

आपण हे विचारले ते बरे झाले, कारण ही समजूत फार पसरलेली आहे आणि मुले ती घरातूनच घेऊन येतात. पाण्यात गुरुत्वाकर्षण कमी होत नाही. उलट प्लावक बल हे गुरुत्वाकर्षणामुळेच निर्माण होते. वरच्या पाण्याचे वजन खालच्या पाण्यावर पडते म्हणून खोलीबरोबर दाब वाढतो, आणि दाबातील त्या फरकातूनच प्लावक बल मिळते. गुरुत्वाकर्षणाची ओढ जाणवेनाशी झाली तर हा दाबातला फरकही राहणार नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पाण्याच्या गोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला तर तो वर येत नाही, जेथल्या तेथे राहतो, कारण तेथे त्याला वर ढकलणारे कोणी नसते.

आणि तरीही त्या स्थानकाच्या उंचीवर, म्हणजे सुमारे ४०० किलोमीटरवर, गुरुत्व त्वरण सुमारे ८.७ आहे, जमिनीवरच्या मूल्याच्या नव्वद टक्क्यांच्या जवळ. तेथे ओढ नाही असे मुळीच नाही. स्थानक, त्यातली माणसे, त्यातले पाणी, सगळे एकाच त्वरणाने पृथ्वीकडे पडत असतात, पण आडव्या दिशेने त्यांचा वेग इतका प्रचंड असतो, की ते पृथ्वीवर न आदळता तिच्याभोवती फिरत राहतात. पायाखालची जमीनही आपल्याबरोबरच पडत असेल तर ती आपल्याला पेलणार कशी? पेलणारे कोणी नाही, म्हणून काट्यावर आकडा नाही. यालाच आपण भारहीनता म्हणतो.

सरावाच्या टाकीबद्दल. ह्यूस्टनजवळ अशी मोठी टाकी आहे, आणि तेथे पोशाखाला भार व तरंगते तुकडे जोडून अंतराळवीर बुडणारही नाही आणि वरही येणार नाही असा समतोल साधतात. पण त्या पोशाखाच्या आत असलेल्या माणसाला गुरुत्वाकर्षण नेहमीप्रमाणेच जाणवते. तो डोके खाली करून उलटा झाला तर त्याचे रक्त डोक्याकडे येते आणि खांद्यांवर शरीराचा भार पडतो. पाण्याने पोशाखाला पेलले आहे आणि पोशाखाने माणसाला. ओढ कोठेही गेलेली नाही. तरंगणे आणि भारहीन असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणाइतके स्वच्छ मला दुसरीकडे दिसलेले नाही.

महाबळेश्वराचे म्हणाल, तर ते सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. समुद्रसपाटीशी तुलना करून नुसत्या उंचीचा विचार केला, तर ६० किलोच्या माणसामागे ताणकाट्यावर सुमारे २५ ग्रॅमचा फरक पडेल. त्यातलाही काही भाग सह्याद्रीचा दगड आपल्या ओढीने भरून काढतो. याच्यापेक्षा मोठा परिणाम आपल्या भोवतालच्या हवेचा आहे. हवासुद्धा प्लावक बल लावते. ६० किलोच्या माणसाचे आकारमान सुमारे ६० लिटर असते, आणि तेवढ्या हवेचे वस्तुमान ७० ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे काट्यावर उभे असताना आपण सर्वजण हवेत बुडालेलेच असतो आणि काटा आपल्याला तितके ग्रॅम कमी दाखवत असतो.

गुऱ्हाळघर

मी शिराळ्याकडचा. आमचे गुऱ्हाळ होते, आता बंद आहे, पण काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई, अजून आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले, त्या दिवसांत आमच्याही वस्तीला पाण्याने वेढा दिला. होडी मिळेना, तेव्हा गुऱ्हाळातली लोखंडी काहील ओढ्यापलीकडे जाण्यासाठी काढावी लागली. ती चुलवाणावरून उतरवायला आम्हाला सहा माणसे लागली होती. माझी आई काहिलीत बसायला तयार नव्हती. ती म्हणाली, "सहा जणांना न उचलणारं लोखंड, ते पाण्यावर कसं राहील?" आम्ही काहील पाण्यात लोटली आणि ती राहिली. चार माणसे मध्यभागी उकिडवी बसून पलीकडे गेली. दोघे पोहणारे काठ धरून बाजूने होते.

आईच्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हाही देता आले नव्हते. तेवढ्याच लोखंडाचा गोळा टाकला असता तर तो तळाला गेला असता, मग काहील का नाही गेली? मॅडमनी धागा काढलाच आहे, तर हे हिशेबाने कोणी सांगावे. काहिलीचे मोजमाप आज मुद्दाम घेतले. तळाचा व्यास दोन मीटर, खोली दीड फूट, आणि वजन अंदाजे दीडशे किलो धरा.

अजिंक्यतारा

दादा, आपण मोजमाप घेऊन लिहिलेत म्हणून हिशेब मांडता येतो. काहिलीचे काठ बाहेर झुकलेले असतात, पण सोपे जावे म्हणून ते सरळ उभे आहेत असे धरू.

दीडशे किलो लोखंडाचा भरीव गोळा केला, तर लोखंडाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८ पट असल्याने त्याचे आकारमान १९ लिटरच्या आसपास होईल. तो पूर्ण बुडाला तरी १९ लिटरच पाणी बाजूला सारतो, म्हणजे पाणी त्याचा १९ किलोंइतकाच भार पेलू शकते. उरलेला १३१ किलोंचा भार पेलायला कोणी नाही, म्हणून गोळा तळाला जातो. त्याच लोखंडाचा पत्रा करून त्याची काहील केली, की ती पाण्यात टेकताच आपल्या रुंद तळाने पाणी बाजूला सारू लागते. दोन मीटर व्यासाच्या तळाचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर आहे. म्हणून काहील एक सेंटिमीटर खाली गेली की ३१ लिटरहून थोडे जास्त पाणी बाजूला होते आणि तेवढ्याच किलोंचा आधार मिळतो. दीडशे किलोंची रिकामी काहील पाच सेंटिमीटरही बुडण्याआधी थांबेल. त्यात साठ-साठ किलोंची चार माणसे बसली की एकूण ३९० किलो होतात आणि ती साडेबारा सेंटिमीटरच्या आत, म्हणजे वीतभरही नाही, इतकी बुडेल. आपल्या आईंना सांगता येईल, की पाणी लोखंड पाहत नाही, लोखंडाने किती जागा अडवली ते पाहते.

पण येथे एक गोष्ट मला फार आग्रहाने सांगायची आहे, कारण मुले हा हिशेब वाचून दीड फूट खोलीच्या काहिलीत वीस माणसे बसतील असा निष्कर्ष काढू शकतात. हिशेब सरळ राहिलेल्या काहिलीचा आहे. चार माणसे असताना काठ पाण्यावर सुमारे ३३ सेंटिमीटर राहतो. माणसे एका बाजूला सरकली आणि काहील अठरा-एकोणीस अंशांनी कलली, की तोच काठ पाण्याला टेकतो. आत शिरलेले पाणी लगेच खालच्या बाजूला धावते आणि कल आणखी वाढवते. शिवाय आत जेवढे पाणी भरले, तेवढ्या पाण्याचा भार काहिलीवर वाढतो आणि ती आणखी खाली जाते. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य उंच असतो, म्हणून आपली माणसे मध्यभागी उकिडवी बसली हे फार योग्य झाले. त्याच महापुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली होडी उलटून किती जीव गेले, ते आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. तरंगणे आणि सुरक्षित असणे यांत फार अंतर आहे, आणि प्लावक बल शिकवताना हे अंतरही शिकवले पाहिजे.

दहावी_अ

सर, मी इस्लामपूरला दहावीत आहे. गुरुत्वाकर्षण हा आमचा पहिलाच धडा होता. चंद्रावर पाण्याचे तळे असते आणि त्यात ही काहील सोडली असती, तर ती पाच सेंटिमीटरपेक्षा कमी बुडाली असती का? तेथे तिचे वजन सहावा हिस्साच होईल ना?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

याचे उत्तर मी देते, कारण धागा वाचता वाचता माझाही गोंधळ येथेच सुटला. काहिलीचे वजन सहावा हिस्सा होईल, हे बरोबर आहे. पण तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजनही सहावाच हिस्सा होईल, म्हणून तिला पेलायला पाणी तेवढेच बाजूला सारावे लागेल. काहील तेथेही तितकीच बुडेल. तरंगणाऱ्या वस्तूचा किती भाग पाण्याखाली राहील हे वस्तूची सरासरी घनता आणि पाण्याची घनता या दोन घनतांवर ठरते. ओढ किती आहे, यावर ते ठरत नाही. तुझ्या वहीत हे समीकरणाने मांडून पाहा, गुरुत्व त्वरण दोन्ही बाजूंनी निघून जाईल.

पाटणखोरे

आमच्याकडे भाताची रोपे टाकण्याआधी बियाणे मिठाच्या पाण्यात सोडतात, ते याच तत्त्वाचे काम आहे. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचे आणि त्यात बी ओतून ढवळायचे. पोकळ आणि अर्धवट भरलेले दाणे वर येतात, ते काढून टाकायचे. तळाला बसलेले बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवायचे. साध्या पाण्यातही फोल वर येते, पण मिठाने पाण्याची घनता थोडी वाढते, त्यामुळे जे दाणे साध्या पाण्यात काठावर पास झाले असते तेही वर येतात. माझ्या सासूबाई हे करताना आधी पाण्यात मीठ किती झाले हे अंडे सोडून पाहायच्या. शाळेतल्या मुलांना हा प्रयोग घरून आणायला सांगता येईल. खर्च काहीच नाही.

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. काल दोन तासिका सलग घेऊन हे प्रयोग केले, त्याचा वृत्तान्त लिहीत आहे.

शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीतून एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा सपाट काटा आणला. त्यावर पातेले ठेवून आकडा शून्य केला. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिच्याच हातात ताणकाटा दिला आणि खालचा आकडा वाचायला दुसऱ्या मुलाला बसवले. ती गोटा हळूहळू सोडत होती आणि दोघे एकाच वेळी आकडे सांगत होते. वर ५००, तेव्हा खाली ८० च्या आसपास. वर ४५०, तेव्हा खाली १३० च्या जवळ. गोटा पूर्ण बुडाला, वर ३८०, आणि खाली २०४. वर्ग एकदम शांत झाला होता. मग तिने सुतळी सैल सोडली आणि गोटा तळाला टेकला. वरचा काटा शून्यावर आला आणि खालचा ५८१ वर गेला. तिने कोणालाही न विचारता फळ्यावर दोन्ही आकड्यांची बेरीज तीन ठिकाणी मांडली, आणि ती प्रत्येक वेळी ५८० च्या जवळच येते हे स्वतः दाखवले. 'आभासी' हा शब्द मी त्यानंतर वर्गात उच्चारला, तेव्हा त्याचा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही.

त्यानंतर मुलांनी काटेदुरुस्तीवाल्या दादांचा हात बुडवण्याचा प्रयोग केला. एका मुलाची मूठ मनगटापर्यंत बुडल्यावर २१२ ग्रॅम वाढले, म्हणजे त्याच्या मुठीचे आकारमान २१२ घन सेंटिमीटर, हे त्यांनीच काढले. मग प्रत्येकाला आपली मूठ मोजायची होती. शेवटी प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ भोक पाडून पाणी भरले. हातात असताना पाण्याची धार लागत होती. एका मुलाने ती पहिल्या मजल्यावरून खाली मोकळ्या पटांगणात सोडली. ती पडत असताना धार तुटली आणि बाटली जमिनीवर आपटेपर्यंत एक थेंबही बाहेर आला नाही. चार वेळा करून पाहिले. अंतराळ स्थानकाचे उदाहरण मी त्यानंतरच सांगितले.

एक शंका उरली आहे. वरचा काटा २०० ची घट दाखवतो आणि खालचा २०४ ची वाढ. मुले म्हणतात, चार ग्रॅम अजून सापडायचे आहेत.

काटेदुरुस्ती

मॅडम, शाळेतल्या ताणकाट्यावर एक रेघ बहुधा १० ग्रॅमची असते. त्यावर ३८० वाचले म्हणजे खरा आकडा ३७५ पासून ३८५ पर्यंत कुठेही असू शकतो. खालचा काटा एका ग्रॅमचा आहे. चार ग्रॅम हरवलेले नाहीत. वरच्या काट्याला ते दिसतच नाहीत. दोन्हींतला अधिक विश्वासाचा आकडा २०४ हाच आहे.

अजिंक्यतारा

सहमत आहे. आणि त्याच आकड्यावरून मुलांना गोट्याची घनता काढायला सांगा. ५८१ ला २०४ ने भागले की २.८५ येते, म्हणजे गोटा पाण्याच्या पावणेतीन पटींहून थोडा जड. सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्ट खडकाची घनता साधारण याच घरात असते. त्या मुलीला सांगा, की गोटा न फोडता आणि पट्टी न लावता तिने त्याची जात ओळखली आहे.